सहावी-सातवीला वर्गीकरण शिकवताना निकष मुलांकडूनच कसा काढून घ्यायचा?

डोंगरशाळा:
नमस्कार सगळ्यांना. मी अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. सध्या सहावीचं सजीवांचं वर्गीकरण चालू आहे आणि सातवीलाही तोच विषय पुढे जातो म्हणून दोन्ही एकत्र घेतेय. पाठांतर मुलांचं चोख आहे. वृक्ष-झुडूप-रोपटं, वार्षिक-द्विवार्षिक-बहुवार्षिक, पृष्ठवंशीय-अपृष्ठवंशीय, अंडज-जरायुज (अंडी घालणारे-पिल्लं देणारे), झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील. पण परवा शाळेमागच्या बांधावरून पानं, शेंगा, बिया, गोगलगाईचे शंख, पिसं असं काय मिळेल ते गोळा करायला सांगितलं, वर्तमानपत्रावर ढीग घातला आणि म्हटलं आता याचे गट करा, तर सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "बाई, कसे गट करायचे?"

मग एकाने हिरवं एका बाजूला आणि बाकीचं दुसऱ्या बाजूला असं सुरू केलं, मधेच हिरवी शेंग आली तर ती बियांच्या ढिगात टाकली, का तर आत बिया आहेत. दुसऱ्या एका गटाने लहान-मोठं केलं आणि थोड्या वेळाने "हे खायचं" असा तिसरा ढीग केला. म्हणजे व्याख्या सगळ्या येतात पण गट कशावरून पाडायचा हे कोणीतरी येऊन सांगेल याची वाट बघत बसतात.

मला विचारायचंय की निकष मी आधी द्यावा की त्यांना शोधू द्यावा? आणि दुसरं म्हणजे अपवाद आले की काय करायचं? एका मुलीने अळूचं पान आणलं आणि जाळीदार शिरा आहेत म्हणून द्विदलमध्ये (बीची दोन दळं होणाऱ्या झाडांत) ठेवलं, आता तिला काय सांगू? प्रयोगशाळा नाही, प्रोजेक्टर आहे पण लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे हाताशी असलेल्या वस्तूंवरच सांगा प्लीज.

बालवाडीची_ताई:
बाई, मी लहान मुलांबरोबर काम करते म्हणून आधी त्या हिरव्या शेंगेबद्दल लिहिते. आमच्याकडे चार-पाच वर्षांची मुलं हेच करतात, लाल बटणं वेगळी काढायला बसतात आणि मधेच एक लाल चौकोनी बटण आलं की पुढची सगळी चौकोनी त्याला जोडत जातात, सुरुवात कशावरून केली होती ते विसरून जातात. एक निकष शेवटपर्यंत धरून ठेवायची सवय करून घ्यावी लागते आणि ती लहानपणी झाली नसेल तर सहावीतही करून घेता येते, वय गेलं असं काही नाही.

दुसरी अडचण असते गटाच्या आतल्या गटाची. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना विचारलेला प्रश्न तुमच्याकडेही विचारून बघा, ताटात आठ झेंडू आणि तीन शेवंतीची फुलं ठेवायची आणि विचारायचं, झेंडू जास्त की फुलं जास्त? सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं "झेंडू" म्हणतात. झेंडू हा वेगळा ढीग आणि तरी तो फुलांच्या ढिगातच आहे हे दोन्ही एकदम डोक्यात धरता येत नाही. पुढे "सस्तन हे पृष्ठवंशीयच असतात" हे वाक्य पाठ असूनही "मांजर पृष्ठवंशीय की सस्तन?" असं विचारल्यावर सातवीतलं मूल अडतं ते याच जागी. म्हणून मी गट नेहमी दोरीच्या वेटोळ्यात करते, मोठ्या वेटोळ्याच्या आत छोटं वेटोळं. झेंडू आतल्या दोरीत असला तरी बाहेरच्या दोरीच्याही आतच आहे हे त्यांना डोळ्याने दिसतं.

आणि निकष शेवटपर्यंत धरून ठेवण्यासाठी एक सोपी गोष्ट करा, प्रत्येक ढिगापाशी चिठ्ठी ठेवायची. आधी चिठ्ठी लिहायची, मग वस्तू ठेवायची. ठेवताना चिठ्ठी मोठ्याने वाचायची. बस्स. शेंग हातात घेऊन "हिरवं" असं वाचलं की मूल स्वतःच थांबतं.

पाटी_पेन्सिल:
मी कोल्हापूर भागात बरीच वर्षं प्राथमिकला होतो, आता निवृत्त आहे. बाई, निकष अजिबात देऊ नका, निदान पहिले दोन तास तरी. मात्र ढीग तुम्ही निवडा. बांधावरचं सगळं एकत्र आणलं की पीस आणि पान यांच्यात काय सारखं आहे हा प्रश्नच फार मोठा होतो, मूल हरवतं. एकाच जातीच्या वस्तूंचा ढीग घ्या, फक्त पानांचा किंवा फक्त बियांचा, म्हणजे फरक बारीक बघावा लागतो.

आणि आता गणपती तोंडावर आलेत, तुम्हाला पत्रीपेक्षा चांगला ढीग कुठे मिळणार? एकवीस प्रकारची पानं, मुलांना घरून माहिती असलेली. दूर्वा, आघाडा, बेल, शमी, तुळस, रुई, पिंपळ, डाळिंब, जाई, माका, बोर, हादगा, केवडा, मारवा. सगळी नाही मिळाली तरी दहा-बारा मिळतातच. मोठ्या फांद्या तोडायच्या नाहीत, प्रत्येकाचं एक-दोन पानं देठासकट पुरे. धोत्रा आणि कण्हेर विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, ती पानं तुम्ही स्वतः हाताळा आणि मुलांना नंतर साबणाने हात धुवायला लावा, हे सगळ्यात आधी.

मी काय करायचो ते सांगतो. पानं मांडली की पहिली पाच मिनिटं गटबिट काही नाही, प्रत्येकाने एक पान उचलायचं आणि दुसऱ्याला न दाखवता त्याचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. "हिरवं आहे" म्हटलं तर सगळीच हिरवी, कोणालाच ओळखता येत नाही, मग मूल आपोआप बारकाईने बघायला लागतं. कडा करवतीसारखी आहे, मागच्या बाजूला लव आहे, एका देठाला तीन पानं आहेत, चुरगाळलं की वास येतो. हे सगळं फळ्यावर लिहीत जायचं. वीस मिनिटांत फळा निकषांनी भरतो आणि त्यातला एकही तुम्ही दिलेला नसतो.

मग बेलाचं पान घ्या. ते तीन पानं आहेत की एकच पान? यावर वर्गात भांडण लागतं आणि लागू द्यायचं. बगलेत कळी कुठे असते ते बघायला सांगायचं, देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे कळी दिसते, तीन पर्णिकांच्या बुडाशी दिसत नाही, म्हणजे तिन्ही मिळून एक पान. तेच शमीला आणि हादग्याला लावून बघायचं. शमीची ती बारीक-बारीक शेकडो पानं म्हणजे खरं तर मोजकीच पानं आहेत हे कळल्यावर मुलं शाळेच्या आवारातलं प्रत्येक झाड तपासत सुटतात, चिंच, गुलमोहर, शेवगा, कडुनिंब, काही सोडत नाहीत.

ठाण्याचा_बाबा:
वरचं सगळं पटलं. मी शिक्षक नाही, मुलगी चौथीत आहे, तिच्याबरोबर घरी करतो ते लिहितो कारण गट करणं फक्त सजीवांपुरतं नाही असं मला वाटतं. एक मॅग्नेट घ्या, जुन्या स्पीकरमधला असला तरी चालेल, आणि स्वयंपाकघरात फिरा. आधी अंदाजाने दोन ढीग करायला लावा, चिकटणारं आणि न चिकटणारं. बहुतेक मुलं सगळे धातू चिकटणाऱ्यात टाकतात. मग तांब्याचा तांब्या चिकटत नाही, पितळेचा डबा चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चिकटत नाही, आणि खरी गंमत स्टीलची, एक ताट चिकटतं आणि त्याच फळीवरचं दुसरं चिकटत नाही, दोन्ही स्टेनलेस स्टीलच. काही स्टीलमध्ये निकेल जास्त असतं आणि त्यातली रचना अशी असते की मॅग्नेट धरत नाही. नाण्यांचंही तसंच, आत्ताची १ आणि २ रुपयांची नाणी चिकटतात, पण आजोबांच्या डब्यात १९८० च्या दशकातलं १ रुपयाचं नाणं असेल तर ते तांबं-निकेलचं आहे, ते नाही चिकटत.

माझ्या मते अंदाज आधी लिहून घेणं हे महत्त्वाचं, नाहीतर मूल नुसतं चिकटवून बघतं आणि पुढे जातं. गट पाडल्याचा उपयोगच हा की न बघितलेल्या वस्तूबद्दल काहीतरी सांगता यावं. मेंडेलीव्ह या रसायनशास्त्रज्ञाने १८६९ ला मूलद्रव्यं गटांत मांडली तेव्हा त्याने काही जागा रिकाम्या ठेवल्या आणि तिथे काय यायला हवं, त्याचे गुणधर्म काय असतील हे सांगून ठेवलं, पुढे १८७५ ला गॅलियम आणि १८८६ ला जर्मेनियम सापडलं ते त्या जागांवर बसलं. सहावीला हे सगळं सांगायची गरज नाही, पण "या गटात अजून काय येईल, जे आपल्या ढिगात नाही?" हा प्रश्न मात्र प्रत्येक गटाला विचारा.

रानभाजी:
वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलंय आणि आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. बाई, त्या अळूवाल्या मुलीला शाबासकी द्या, तिने निकष बरोबर लावलाय. अळू एकदल आहे आणि तरी त्याच्या पानात शिरांचं जाळं दिसतं. शिरा हा पटकन बघायचा निकष आहे, बहुतेक वेळा चालतो, सगळीकडे नाही चालत. म्हणून एकाच लक्षणावर थांबायचं नाही. मूळ बघा, अळूच्या कांद्याला तंतुमुळांचा झुपका असतो, सोटमूळ नसतं. फूल मिळालं तर पाकळ्या मोजा, एकदलांत साधारण तीनच्या पटीत असतात, आत्ता तुमच्याकडे डोंगरात कळलावी फुललेली असेल तिच्या सहा मोजता येतील (लांबूनच, ती विषारी आहे), आणि शेजारच्या जास्वंदाच्या पाच. आणि बी. वाल रात्रभर भिजवून मोड आणायचे, मुलांनी घरी बिरडं सोललेलंच असतं, साल काढली की दोन दळं सुटी होतात. शेजारी भिजवलेला मका ठेवा, तो कितीही सोलला तरी दोन सारखे भाग होत नाहीत. चारपैकी तीन लक्षणं एकीकडे गेली की चौथं का बिथरलं हा प्रश्न विचारायला जागा तयार होते.

केळीचं पान पण दाखवा. त्याच्या शिरा मधल्या दांड्यापासून निघून एकमेकींना समांतर कडेपर्यंत जातात, म्हणून वाऱ्यात केळीचं पान आडव्या पट्ट्यांत फाटतं. पिंपळाचं पान तसं फाटत नाही. हे हाताने फाडून बघायला सांगा.

पाटी_पेन्सिल काकांच्या पत्रीत माझी थोडी भर. फळ्यावर "वास येणारी" असा निकष आला की तुळस आणि मारवा एका गटात जातील. आता त्यांचं खोड चिमटीत धरून फिरवायला सांगा. चार कडा बोटाला लागतात, खोड चौकोनी असतं. पुदिन्याचंही तसंच, सब्जाचंही. पानं समोरासमोर, एक जोडी आडवी तर पुढची उभी. कुठून दवणा मिळाला तर तोही वासाचा, पण त्याचं खोड चौकोनी नाही आणि पानं समोरासमोर नाहीत, दवणा झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातला आहे. आता चिकाचं बघा. रुई आणि पांढरा चाफा चिकाचे आणि दोघं खरंच एका कुळातले, पण वड-उंबरालाही चीक असतो आणि ते वेगळ्या कुळातले. म्हणजे एकच लक्षण कधी नातं दाखवतं आणि कधी फसवतं. मुलांना हे आवडतं, कारण त्यांनी स्वतः बोटाने तपासलेलं असतं.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसची गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. त्याने फुलझाडांचे वर्ग पुंकेसर मोजून पाडले, सगळ्या वनस्पतींचे मिळून २४ वर्ग. वापरायला अतिशय सोपं, कोणीही मोजू शकतं. पण त्यामुळे पाच पुंकेसरांचे म्हणून धोत्रा आणि कॉफी एका वर्गात आले, ज्यांचं जवळचं नातं नाही. आणि त्याच्या वर्गीकरणाच्या पुस्तकाच्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत त्याने देवमाशाला माशांत ठेवलं होतं, १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांत नेलं. अळंबीसारखी कवकं तर वनस्पतींतच धरली जायची, १९६९ ला व्हिटाकर या शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच सगळ्यात मोठे गट, मांडल्या त्यात त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. गट बदलतात, आणि ते कोणाच्या लहरीवर बदलत नाहीत, नवीन काही दिसलं म्हणून बदलतात, हे सहावीच्या मुलाला नक्की कळतं.

डोंगरशाळा:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पत्रीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्याच आठवड्यात घेते. दोन शंका आहेत. एक, घटक चाचणीत "अंडज-जरायुज वर्गीकरण करा" असंच येतं, तिथे मुलाने स्वतःचा निकष लावून चालत नाही, मग एवढा वेळ घालवून चाचणीत मागे पडली तर पालक विचारतात. दुसरं, प्राण्यांचं काय करू? पानं आणता येतात, बेडूक आणि साप वर्गात कसे आणणार? साप म्हटलं की इथली मुलं माझ्यापेक्षा जास्त सांगतात, परवा एकजण ठामपणे म्हणाला घोणस पिल्लंच घालते, अंडी नाही, आणि मी सध्या त्याला "बघून सांगते" म्हणालेय.

रानभाजी:
तो मुलगा बरोबर आहे, घोणस पिल्लंच देते. अंडी पोटातच वाढतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. नाग, धामण अंडी घालतात. त्याला वर्गासमोर उभं करून त्याने काय बघितलंय, कुठे बघितलंय ते सांगायला लावा. फक्त एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवा, साप विषारी की बिनविषारी हे ओळखण्याचे गट मुलांनी जवळ जाऊन करायचे नाहीत. डोकं त्रिकोणी म्हणजे विषारी हे बऱ्याच गावांत सांगतात आणि ते धोक्याचं आहे, नाग आणि मण्यार दोघांचंही डोकं त्रिकोणी नसतं. आणि बिनविषारी कवड्या पट्ट्यांमुळे मण्यारीसारखा दिसतो, त्यात मोठी माणसंही गोंधळतात.

पाटी_पेन्सिल:
बाई, चाचणीची काळजी रास्त आहे, ती बाजूला सारू नका. पण हे दोन्ही एकाच तासात बसतं. प्राण्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला नावं लिहून कार्डं करा, चित्र काढता आलं तर उत्तम. बेडूक, झुरळ, कोंबडी, वटवाघूळ, गांडूळ, कासव, रोहू, घोणस, कोळी, गाय. आता तीच कार्डं तीनदा लावायला सांगा. एकदा राहण्याच्या जागेवरून, एकदा पाठीच्या कण्यावरून, एकदा अंडं की पिल्लू यावरून. प्रत्येक वेळी ढीग मोडतात आणि नवे होतात. गाय आणि झुरळ पहिल्या वेळी एकत्र असतात, दुसऱ्या वेळी वेगळे. पुस्तकातले सगळे शब्द यात येतात, भूचर, जलचर, उभयचर, पृष्ठवंशीय, जरायुज, सगळे, फक्त आता प्रत्येक शब्द कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे मुलाला माहिती असतं. चाचणीत "अंडज-जरायुज" आलं की तो प्रश्न ओळखतो, आणि वटवाघळाला पंख आहेत म्हणून अंडजमध्ये टाकत नाही.

कोळ्याचं कार्ड मुद्दाम ठेवलंय. मुलं त्याला कीटक म्हणतात. पाय मोजायला सांगा, शाळेच्या खिडकीत कोळी असतोच. आठ पाय, आणि शरीराचे दोनच भाग. झुरळाला सहा पाय आणि तीन भाग.

शेवटी सातवीच्या मुलांकडून हो-नाहीच्या प्रश्नांचा तक्ता करून घ्या. पत्रीतली सहाच पानं. पहिला प्रश्न असा काढायचा की सहाचे साधारण अर्धे-अर्धे होतील. "एका देठाला अनेक पर्णिका आहेत का?" हो म्हटलं तर बेल, शमी, हादगा. मग "पर्णिका तीनच आहेत का?" हो, तर बेल. नाही, तर "मुख्य दांड्याला पुन्हा फाटे फुटलेत का?" हो तर शमी, नाही तर हादगा. दुसऱ्या बाजूला दूर्वा, तुळस, पिंपळ, त्यांचे प्रश्न मुलं काढतील. तक्ता झाला की तो सहावीच्या मुलांच्या हातात द्यायचा, नाव न सांगता एक पान द्यायचं आणि तक्ता वाचत-वाचत ते ओळखतात का बघायचं. जिथे सहावीचं पोरगं अडकेल तिथे सातवीवाल्यांचा प्रश्न नीट नव्हता. "पान मोठं आहे का?" असा प्रश्न असेल तर हमखास अडकतं, कारण मोठं म्हणजे किती? मग ते स्वतःच खोडून "तळहातापेक्षा मोठं आहे का" लिहितात, आणि तेही पुरत नाही, कारण कोणाचा तळहात, यावर परत वाद. तो वाद पूर्ण होऊ द्या, मधे बोलू नका.

बालवाडीची_ताई:
यात माझी एवढीच भर, ज्या मुलाला लिहायला जड जातं त्याला तक्त्याचे प्रश्न तोंडी विचारायचं काम द्या. आणि पानं दोन दिवसांत वाळतात, जुन्या वहीत दाबून ठेवा, खाली नाव आणि कुठून आणलं ते लिहून. तुमच्या घोणसवाल्या मुलाकडे ती वही सांभाळायला द्या.

डोंगरशाळा:
देते. आणि दूर्वा-तुळस-पिंपळाचे प्रश्न मुलांनी काय काढले ते इथे टाकते. केवडा आमच्याकडे मिळत नाही, कोकणातलं कोणी असेल तर त्याच्या पानाच्या शिरांचा एक जवळून काढलेला फोटो द्याल का?